ऑपरेशन ठरलंय? मग टेबलावर जाण्याआधी भूलतज्ज्ञांना भेटा

ऑपरेशन ठरलं की घरात चर्चा सुरू होते. सर्जन कोण, दुर्बिणीने करायचं की उघडून, खर्च किती, कॅशलेस होईल का, महात्मा फुले योजनेत बसतं का. भूल कोण देणार, हे मात्र क्वचितच कुणी विचारतं. बऱ्याच जणांना भूलतज्ज्ञांचं नाव कळतं ते थेट बिलावर.

मी भूलतज्ज्ञ आहे. जिल्ह्याच्या ठिकाणची दहा-पंधरा खाटांची नर्सिंग होम आणि मोठी रुग्णालयं, दोन्हीकडे भूल दिली आहे. ज्या पेशंटशी आधी नीट बोलणं झालेलं असतं त्याला भूल देणं जास्त सुरक्षित असतं, हे दोन्हीकडे सारखंच पाहिलं. म्हणून पहिल्यांदाच ऑपरेशनला सामोरं जाणाऱ्यांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी काय करायचं, कधी करायचं आणि काय विचारायचं हे क्रमाने लिहिते आहे.

आम्ही नेमकं काय करतो

"एक इंजेक्शन देतात आणि झोपवतात", एवढीच भूलतज्ज्ञांच्या कामाची कल्पना अनेकांच्या मनात असते. झोपवणं हा या कामाचा सगळ्यात छोटा भाग. पूर्ण भूल देऊन करायच्या बहुतेक मोठ्या ऑपरेशनांत अंगातले स्नायू औषधाने सैल करावे लागतात आणि त्यात श्वासाचे स्नायूही आले. तेवढा वेळ पेशंट स्वतः श्वास घेत नाही. श्वासनलिकेत नळी घालून तो आम्ही देतो. सर्जन पोटात काम करत असताना रक्तदाब किती, नाडी कशी चालली आहे, रक्त किती गेलं, लघवी किती झाली, अंग गार पडतंय का, शुगर कुठे आहे, हे सगळं भूलतज्ज्ञ बघत असतात आणि त्यानुसार औषधं कमी-जास्त करत असतात. शेवटचा टाका पडला तरी काम संपत नाही. पेशंट स्वतः श्वास घेऊ लागला, हाकेला ओ दिली, हात घट्ट दाबून दाखवला, की मग नळी निघते. त्यानंतर दुखणं आटोक्यात ठेवण्याची जबाबदारीही आमचीच.

१६ ऑक्टोबर १८४६ रोजी बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये विल्यम मॉर्टन या दंतवैद्याने ईथर हुंगवलं आणि सर्जननी पेशंटच्या मानेवरची गाठ कापली. लोकांसमोर हे पहिल्यांदाच यशस्वीपणे दाखवलं गेलं, म्हणून तो दिवस जगभर भूलशास्त्र दिन म्हणून पाळतात. वेदना थांबवता येते हे त्या दिवशी कळलं. ती थांबवताना माणूस सुरक्षित कसा ठेवायचा, हे शिकायला मात्र पुढची शंभर-सव्वाशे वर्षं गेली.

पहिली पायरी: भेटीची वेळ मागून घ्या

तारीख ठरत असतानाच सर्जनना विचारा, "भूलतज्ज्ञांना कधी दाखवायचं?" मोठ्या रुग्णालयांत यासाठी वेगळी ओपीडी असते, तिला पीएसी (भुलेआधीची तपासणी) म्हणतात. नर्सिंग होममध्ये भूलतज्ज्ञ बहुधा बाहेरून येतात. तिथेही चार-आठ दिवस आधी भेट मागता येते. मधुमेह, दमा, हृदयविकार, किडनीचा त्रास असेल किंवा वय जास्त असेल तर ती मागाच. काही दुरुस्त करायचं असलं तर वेळ हाताशी हवा. रक्त कमी असेल तर ते एका रात्रीत वाढत नाही.

इथे एक गैरसमज फार पक्का बसलेला आहे. "फिजिशियनकडून फिटनेस आणलाय, आता कशाला?" फिजिशियन हृदय, फुप्फुसं, साखर तपासून मत देतात आणि ते आम्हाला हवंच असतं. पण तोंड किती उघडतं, नळी सहज जाईल का, मणक्यात सुई घालता येईल का, कोणती भूल या माणसाला सोसेल, हे त्या कागदावर नसतं. ते आम्हालाच बघावं लागतं.

येताना जुनी फाइल, आधीच्या ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड आणि सगळ्या गोळ्यांची पाकिटं घेऊन या. "ती छोटी पांढरी गोळी" असं सांगून गोळी ओळखता येत नाही. पाकीट आणलं की प्रश्न मिटतो.

दुसरी पायरी: काहीही लपवू नका

तंबाखूपासून सुरुवात करते, कारण आपल्याकडे सगळ्यात जास्त लपवालपवी तिथेच होते. विडी-सिगारेट लोक कबूल करतात. मिश्री लावणाऱ्या बायका मात्र "व्यसन काही नाही" असंच सांगतात, कारण त्यांच्या लेखी ते दात घासणं असतं. ऑपरेशनच्या दिवशी सकाळीही ओठाखाली चिमूट ठेवलेली सापडते. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी गुटखा आणि सुपारीने तोंड आखडलेली माणसं टेबलावर नेहमी येतात. गालाची आतली कातडी चामड्यासारखी ताठ होते आणि तोंड उघडणं हळूहळू कमी होत जातं. हे रोज थोडं थोडं होत असल्याने त्या माणसाच्या लक्षातही येत नाही.

आत्ताच करून बघा. तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका, आपल्याच हाताची ही तीन बोटं एकावर एक उभी धरून वरच्या आणि खालच्या दातांमध्ये जातात का? जात असतील तर उत्तम. दोनच जात असतील, तर भूलतज्ज्ञांना ही गोष्ट आधी कळलीच पाहिजे. अशा माणसाच्या श्वासनलिकेत नेहमीच्या पद्धतीने नळी घालणं अवघड जातं. कधी नाकातून बारीक दुर्बिणीच्या साहाय्याने ती घालावी लागते. त्याची तयारी आधी करावी लागते, पेशंट बेशुद्ध झाल्यावर धावपळ करून ती होत नाही.

तपासताना आम्ही "आ करा, जीभ बाहेर काढा" म्हणतो, तेही याचसाठी. घशातली पडजीभ किती दिसते यावरून नळी किती सहज जाईल याचा अंदाज येतो. ही पद्धत शेषगिरी मल्लमपती या मूळच्या भारतीय भूलतज्ज्ञांनी अमेरिकेत १९८५ साली मांडली आणि आज ती जगभर वापरतात.

याशिवाय या गोष्टी कुणी विचारल्या नाहीत तरी सांगा. आधी कधी भूल घेतली होती का आणि तेव्हा काही त्रास झाला का. रक्ताच्या नात्यात कुणाला भुलेनंतर खूप ताप चढला, बराच वेळ श्वास परत आला नाही किंवा टेबलावर काही विपरीत घडलं का. अशा काही तक्रारी आनुवंशिक असतात आणि काकांना झालेला त्रास पुतण्याला होऊ शकतो. कोणत्या औषधाने अंगावर पित्त उठतं. दोन जिने चढताना दम लागतो का. रात्री मोठ्याने घोरता का आणि घोरता घोरता श्वास मध्येच थांबतो का (याचं उत्तर पेशंटपेक्षा त्याच्या बायकोकडून जास्त खरं मिळतं). हलणारा दात, कवळी, बसवलेले दात आहेत का. पाळी चुकली आहे का.

एसटीत बसलं की उलटी होते का, हेही आम्ही विचारतो आणि लोकांना त्याचं नवल वाटतं. ज्यांना गाडी लागते त्यांना भुलेनंतर मळमळ होण्याची शक्यता जास्त असते. बायकांना पुरुषांपेक्षा जास्त असते. आधी कळलं तर उलटी थांबवणारी औषधं सुरुवातीलाच देता येतात, आणि पोटाचे टाके ताजे असताना उलटी न होणं किती मोलाचं आहे हे ज्याला एकदा झाली त्याला विचारा.

दारूबद्दल घरच्यांसमोर बोलायचं नसेल तर "डॉक्टर, एकटं बोलायचंय" एवढंच म्हणा. रोज पिणाऱ्या माणसाची दारू ऑपरेशनसाठी अचानक बंद झाली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्याला थरथर सुटते, भ्रम होतो, झटकेही येऊ शकतात. आधी माहीत असेल तर हे टाळता येतं.

तिसरी पायरी: गोळ्यांचं वेळापत्रक लिहून घ्या

स्वतःच्या मनाने एकही गोळी बंद करू नका आणि स्वतःच्या मनाने चालूही ठेवू नका. कोणती गोळी कधी घ्यायची हे कागदावर लिहून मागा. साधारण चित्र असं असतं. थायरॉइड, फिट्स आणि हृदयाचे ठोके आवरणाऱ्या गोळ्या ऑपरेशनच्या सकाळीही घोटभर पाण्याबरोबर घेतात. दम्याचा पंपही घेतात आणि तो बरोबर घेऊन येतात. बीपीच्या काही गोळ्या, विशेषतः टेल्मिसार्टनच्या गटातल्या, अनेकदा आदल्या दिवशीपासून थांबवतात, कारण भूल दिल्यावर रक्तदाब फार खाली जाऊ शकतो. मधुमेहाच्या गोळ्या त्या सकाळी सहसा घेत नाहीत. इन्सुलिनचा डोस डॉक्टर बदलून देतात.

मधुमेहाच्या औषधांचे दोन गट गेल्या काही वर्षांत घरोघरी पोचले आहेत आणि त्यांच्याबाबत खास जपायला हवं. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन यांसारख्या गोळ्या ऑपरेशनच्या साधारण तीन दिवस आधी बंद कराव्या लागतात. उपाशीपोटी त्या चालू राहिल्या तर शुगर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साचू शकतं. दुसरी म्हणजे वजन आणि शुगर कमी करण्यासाठी घेतात ती सेमाग्लुटाइडसारखी इंजेक्शनं. त्यांच्यामुळे जठर रिकामं व्हायला वेळ लागतो, म्हणजे ठरलेले तास उपाशी राहूनही पोटात अन्न असू शकतं. वजनासाठी इंजेक्शन घेताय हे घरी सांगितलं नसेल तरी भूलतज्ज्ञांना सांगा.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचा निर्णय हृदयरोगतज्ज्ञ, सर्जन आणि भूलतज्ज्ञ यांनी मिळून घ्यायचा असतो. स्टेंट बसवून थोडेच महिने झाले असतील तर गोळी थांबवणं धोक्याचं असतं. ती चालू असेल तर मणक्यात सुई घालणं धोक्याचं. आयुर्वेदिक काढे, पावडरी, "ताकदीच्या" गोळ्या याही सांगा.

चौथी पायरी: उपाशी राहण्याचे तास

हा नियम सगळ्यांना माहीत असतो आणि सगळ्यात जास्त तोच मोडला जातो. भूल दिली की घशाची राखण करणारी खोकल्याची ताकद जाते. पोटात अन्न असेल तर ते वर येऊन फुप्फुसात शिरू शकतं आणि त्यातून जीवघेणा न्यूमोनिया होतो.

ठरवून करायच्या ऑपरेशनसाठी तास असे: तळलेलं, तेलकट, मटण-चिकन असं जड जेवण झालं असेल तर ८ तास. हलकं खाणं आणि गाई-म्हशीचं किंवा पावडरचं दूध, ६ तास. आईचं दूध, ४ तास. पाणी, कोरा चहा, गाळलेला बिनगराचा रस, २ तास. दुधाचा चहा पाण्यात धरायचा नाही, तो दुधात धरायचा. "अन्न नाही हो, नुसता चहा-बिस्किट" म्हणजे सहा तास थांबायचं. साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याचा लाडू, केळं हेही अन्नच आहे.

उलट बाजूही तेवढीच महत्त्वाची. "रात्री दहानंतर काही नाही" असं सरसकट सांगितलं जातं आणि दुपारी दोनचं ऑपरेशन असलेली सत्तरीची आजी सोळा तास तहानलेली पडून राहते. नंबर कितवा आहे ते विचारा आणि "पाणी कितीपर्यंत चालेल?" हेही विचारा. लहान मुलांसाठी तर हे विचाराच, मूल फार वेळ उपाशी ठेवणं त्याला सोसत नाही. ज्यांचं पोट नीट रिकामं होत नाही त्यांना मात्र वेगळी सूचना मिळेल आणि तीच पाळायची.

चुकून काही खाल्लं गेलं तर ते सांगून टाका. ऑपरेशन काही तास किंवा एक दिवस पुढे जाईल, एवढंच.

पाचवी पायरी: कोणती भूल, हे समजून घ्या

ढोबळमानाने तीन प्रकार. पूर्ण भूल, कमरेखालचा भाग बधिर करणारं मणक्यातलं इंजेक्शन, आणि फक्त एक हात किंवा पाय बधिर करणारा ब्लॉक. शिवाय मोतीबिंदूसारख्या कामांसाठी तेवढ्या जागेपुरती भूल असते. कोणती चांगली याला एकच उत्तर नाही. ऑपरेशन कुठलं, किती वेळाचं, पेशंटचं हृदय-फुप्फुस कसं, यावर ते ठरतं. तुमचं म्हणणं जरूर मांडा. जागं राहायची भीती वाटत असेल तर मणक्यातलं इंजेक्शन देऊन वर गुंगीचं औषध देता येतं.

मणक्यातल्या इंजेक्शनबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण त्याची भीती घराघरात आहे. "सिझरच्या वेळी पाठीत सुई दिली, तेव्हापासून कंबर गेली." हे मी इतक्या बायकांकडून ऐकलं आहे की त्यांच्या दुखण्याबद्दल मला शंका नाही. त्यांची कंबर खरंच दुखते. पण कारण सुई नव्हे. ती सुई जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असते. मोठ्या माणसात मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो आणि सुई त्याच्या खाली घालतात. जागा एक-दोन दिवस हुळहुळते आणि बरी होते. प्रसूतीच्या वेळी एपिड्युरल (पाठीत बारीक नळी ठेवून दिलेलं औषध) घेतलेल्या आणि न घेतलेल्या बायकांची तुलना करून झाली आहे आणि दीर्घकाळच्या कंबरदुखीत फरक आढळलेला नाही. गरोदरपणात सैल झालेले सांधे, पोटाचे ताणलेले स्नायू, वाकून पाजणं, बाळ कडेवर घेऊन घरकाम, पोटाचे व्यायाम कुणी न शिकवणं ही खरी कारणं. सुईला दोष दिला की यांतल्या कशावरच उपाय होत नाही, याचं मला जास्त वाईट वाटतं.

डोकेदुखी मात्र थोड्या जणांना खरोखर होते. उठून बसलं की वाढते, आडवं झालं की कमी होते, ही तिची खूण. असं झालं तर घरी सहन करत बसू नका, भूलतज्ज्ञांना कळवा, तिच्यावर चांगला उपाय आहे.

वेदनारहित प्रसूतीबद्दलही आता बरीच विचारणा होते. कळा सुरू झाल्यावर पाठीत बारीक नळी ठेवून तिच्यातून हलकं औषध देत राहतात. आई जागी असते, जोर लावू शकते. एपिड्युरलमुळे सिझरचं प्रमाण वाढत नाही. अडचण असते ती चोवीस तास भूलतज्ज्ञ हजर असण्याची, आणि ती सोय सगळीकडे नाही. सातव्या-आठव्या महिन्यातच प्रसूती करणाऱ्या डॉक्टरांना विचारून ठेवा. बाळ जन्मल्यावर पहिल्या आणि पाचव्या मिनिटाला त्याचा रंग, ठोके, श्वास बघून जे गुण देतात, ती पद्धतही व्हर्जिनिया अपगार या भूलतज्ज्ञ बाईंनीच बसवलेली आहे. त्यांचं नाव आज जगातल्या प्रत्येक प्रसूतिगृहात रोज घेतलं जातं.

सहावी पायरी: रुग्णालयाला विचारायचे प्रश्न

हे प्रश्न विचारले तर कुणाला राग यायचं कारण नाही. भूल देणारे डॉक्टर कोण, त्यांचं भूलशास्त्रातलं शिक्षण एमडी, डीएनबी की डीए? ऑपरेशन संपेपर्यंत ते थिएटरमध्ये थांबणार आहेत ना? ऑक्सिमीटर आहे का, कॅप्नोग्राफ आहे का, हृदयाला शॉक देण्याचं यंत्र आहे का? ऑपरेशननंतर लक्ष ठेवायला वेगळी जागा आणि सिस्टर आहे का? गरज पडली तर आयसीयू इथेच आहे की दुसरीकडे न्यावं लागेल?

ऑक्सिमीटर कोरोनात घरोघरी पोचला. जपानचे अभियंते ताकुओ आओयागी यांनी १९७० च्या दशकात त्यामागचं तत्त्व शोधलं. थिएटरमधल्या ऑक्सिमीटरला आवाज असतो आणि रक्तातला ऑक्सिजन खाली येऊ लागला की तो सूर उतरतो. औषध भरताना आमची पाठ मॉनिटरकडे असली तरी कान तिकडेच असतो. आकडा वाचण्याआधी उतरलेला सूर कळतो. कॅप्नोग्राफ हा पेशंटच्या उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजतो आणि पडद्यावर त्याची लाट दाखवतो. नळी श्वासनलिकेऐवजी चुकून अन्ननलिकेत गेली तर ही लाट पडद्यावर टिकत नाही आणि काही श्वासांतच चूक लक्षात येते. निव्वळ छातीला कान लावून हे इतक्या खात्रीने कळत नाही. म्हणून कॅप्नोग्राफचा प्रश्न गाळू नका.

संमतीपत्र मराठीत मागा. भुलेचं संमतीपत्र ऑपरेशनच्या संमतीपत्रापेक्षा वेगळं असायला हवं. स्ट्रेचरवर झोपवल्यावर घाईत सही करण्यापेक्षा आदल्या संध्याकाळी बसून वाचा.

सातवी पायरी: ऑपरेशनचा दिवस

नेलपॉलिश काढा, एका हाताच्या बोटांना तरी मेंदी नको, ऑक्सिमीटरचा प्रकाश अडतो. अंगठ्या, बांगड्या, मंगळसूत्र घरच्यांकडे द्या. एखादा दागिना काढायचा नसेल तर आधी बोला, सिस्टरबरोबर ऐनवेळी वाद नको. कवळी आणि कॉन्टॅक्ट लेन्स काढा. कानातलं यंत्र मात्र शेवटपर्यंत राहू द्या, आमचं बोलणं ऐकू यायला हवं.

थिएटरच्या आत तुम्हाला नाव, ऑपरेशन कुठलं, कोणत्या बाजूचं, हे पुन्हा पुन्हा विचारतील. "यांना एवढंही माहीत नाही का?" असं वाटून घेऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेसाठी एक तपासयादी आणली. भूल देण्याआधी, कापण्याआधी आणि पेशंट बाहेर नेण्याआधी असं तीनदा थांबून ती मोठ्याने वाचायची. दिल्लीसह जगातल्या आठ शहरांतल्या रुग्णालयांत ती वापरून पाहिली. २००९ साली निष्कर्ष आले तेव्हा गुंतागुंतीचं प्रमाण ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आलेलं होतं. तेव्हा प्रत्येक वेळी पूर्ण नाव आणि बाजू स्पष्ट सांगा, "डावा गुडघा".

मग तोंडावर मास्क धरून आम्ही तीनेक मिनिटं मोठे श्वास घ्यायला सांगतो. तो भुलेचा वास नव्हे, ऑक्सिजन असतो. फुप्फुसात त्याचा साठा झाला की नळी घालताना काही मिनिटं हाताशी राहतात. मास्कने गुदमरल्यासारखं वाटलं तरी श्वास घेत राहा, त्या साठ्याची आम्हाला फार मदत होते.

मुलाला सर्दी-खोकला किंवा ताप असेल तर निघण्याआधीच फोन करा. अशा वेळी श्वासनलिका चिडलेली असते आणि ठरवून करायचं ऑपरेशन दोन-तीन आठवडे पुढे ढकलणं शहाणपणाचं ठरतं.

आठवी पायरी: दुखतंय, तर बोला

कंबरेच्या हाडाचं ऑपरेशन झालेल्या एक आजी होत्या. दुखतंय का विचारलं की "बरं हाय की, चालतंय" म्हणायच्या. पण एका हाताने खाटेचा दांडा घट्ट धरलेला, कपाळावर घाम, आणि श्वास वरचेवर, उथळ. खोकून दाखवा म्हटलं तर खोकेनात. पायात ब्लॉक दिल्यावर अर्ध्या तासात त्यांनी स्वतःहून कूस बदलली आणि चहा मागितला.

सोसणं हा आपल्याकडे गुण मानतात. ऑपरेशननंतर तो बाजूला ठेवा. दुखतं म्हणून माणूस खोल श्वास घेत नाही, खोकत नाही, मग फुप्फुसात कफ साचतो. दुखतं म्हणून उठत नाही, मग पायात रक्ताच्या गाठी होतात. शुगर चढते, झोप उडते, म्हाताऱ्या माणसांना भ्रम होतो.

सिस्टरना आकडा सांगा. शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे कल्पनेपलीकडचं. पडून असताना किती आणि खोकताना किती, असे दोन आकडे सांगा. दुसरा जास्त कामाचा आहे. चारच्या वर गेला की औषध मागा. दुखणं शिगेला पोचल्यावर घेतलेल्या गोळीपेक्षा वेळेवर घेतलेली गोळी कमी डोसमध्ये काम करते. म्हणून पॅरासिटामॉलसारखं औषध पहिले दोन-तीन दिवस घड्याळ लावून देतात, आणि त्याबरोबर ब्लॉक, एपिड्युरल, गरजेपुरतं मॉर्फिनच्या गटातलं औषध अशी सांगड घालतात. किडनीचा त्रास, अल्सर किंवा दमा असेल तर डायक्लोफिनॅकसारख्या इंजेक्शनाआधी आठवण करून द्या.

ब्लॉकने हात किंवा पाय बधिर असेल तर तो झोळीत किंवा उशीवर जपून ठेवा. गरम पिशवीने शेकू नका, भाजलेलं कळणार नाही. बधिरपणा ओसरायला लागताच गोळी घ्या, पूर्ण उतरेपर्यंत थांबू नका.

नववी पायरी: घरी आल्यावर

त्याच दिवशी घरी सोडलं असेल तर चोवीस तास गाडी चालवायची नाही, शेतीचं यंत्र चालवायचं नाही, महत्त्वाच्या कागदावर सही करायची नाही, आणि रात्री घरात एक जबाबदार माणूस हवा. घसा दोन दिवस खवखवेल, ते नळीमुळे. श्वासाला त्रास, न थांबणारी उलटी, बारा तासांनीही न उतरलेला बधिरपणा, लघवी न होणं, पाठीत वाढत जाणारी कळ, पायात ताकद न येणं, यांपैकी काहीही झालं तर सकाळची वाट न बघता फोन करा.

दुखणं महिनोनमहिने राहिलं तर

जखम भरली तरी दुखणं जात नसेल, नागीण बरी झाल्यावर तिथे आग होत असेल, चेहऱ्यात विजेसारखी कळ येत असेल, तर पेन क्लिनिक गाठा. ती बहुतेक ठिकाणी भूलतज्ज्ञच चालवतात. नेमक्या मज्जातंतूला औषध देणं हे आमचं रोजचं काम, तेच तिथे उपयोगी पडतं. जाण्याआधी आठवडाभर वहीत लिहा: कधी दुखतं, कशाने वाढतं, झोप मोडते का, कोणती गोळी किती दिवस घेतली.

कॅन्सरच्या वेदनेसाठी हे आणखी महत्त्वाचं आहे. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात भूलशास्त्र विभागच वेदनांवर उपचार करतो. कोझिकोडला १९९३ साली एम. आर. राजगोपाल या भूलतज्ज्ञांनी सहकाऱ्यांबरोबर वेदना आणि परिहार सेवेचं (गंभीर आजारातला त्रास कमी करण्याच्या सेवेचं) काम सुरू केलं आणि ते केरळभर पसरलं. मॉर्फिनच्या गोळ्या मिळायला पूर्वी बरेच परवाने लागत. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात २०१४ साली दुरुस्ती झाली आणि मान्यताप्राप्त संस्थांसाठी ती वाट सोपी झाली. तरीही घरचे घाबरतात, "सवय लागेल", "म्हणजे आता शेवट आला का?" कॅन्सरच्या वेदनेसाठी देखरेखीखाली घेतलेलं मॉर्फिन हे उपचार आहे. ते घेऊन माणसं जेवतात, झोपतात, नातवंडांशी बोलतात, केमोथेरपी पूर्ण करतात.

ते सुरू झालं की बद्धकोष्ठता होतेच, म्हणून पहिल्याच दिवशी पोट साफ होण्याचं औषधही लिहून घ्या. डोस ठरलेल्या तासाला द्या, पेशंटने मागण्याची वाट पाहू नका. फार गुंगी आली किंवा श्वास मंद झाला तर पुढचा डोस देण्याआधी क्लिनिकला फोन करा. गोळ्या कुलपात ठेवा आणि उरलेल्या जिथून मिळाल्या तिथेच परत द्या.